समुद्र समोर, आणि मीठ मात्र बादलीतले : घरातल्या खाऱ्या मत्स्यालयाची गोष्ट

१/
वर्सोव्याच्या यारी रोडवरील एखाद्या उंच इमारतीतली सदनिका डोळ्यांपुढे आणा. खिडकीतून अरबी समुद्र दिसतो आहे. दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी बसवायची आहे आणि तिच्यात समुद्रातले मासे राहणार आहेत. अशा वेळी घरमालक काय करतो? समोरच्या समुद्राकडे पाठ फिरवतो, नळाचे पाणी गाळून घेतो आणि दुकानातून मिठाच्या बादल्या विकत आणतो.

हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. आजचा धागा त्याचाच. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी अंकगणित, म्हणजे प्रकरण किती वजनदार आहे ते कळेल. वरील टाकीचे घनफळ २४ घनफूट. म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. खारे पाणी गोड्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे नुसत्या पाण्याचेच वजन ७०० किलोच्या घरात जाते. काच, वाळू, दगड आणि खालचा सांगाडा वेगळाच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने टाकी एकदा भरायला किमान २४ किलो मीठ लागते.

निवासी खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखावी, असे भारतीय मानक सांगते. आपली टाकी ६०० किलोंहून अधिक भार टाकते. म्हणून ती खोलीच्या मधोमध ठेवत नाहीत, तुळईलगत किंवा भिंतीलगत ठेवतात, आणि जुन्या इमारतीत तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारतात. इतिहासाच्या धाग्यात हे कशाला, असे वाटेल. पण या छंदाचा सगळा इतिहासच मुळी भार वाहण्याचा आहे. तो भार कोणी वाहिला, हे पुढे येईलच.

३/
मासे पाळणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ टाकण्याच्या रीती, सारे त्यात येते. समुद्रातल्या आणि नद्यांतल्या माशांचा भेदही ग्रंथकाराला ठाऊक आहे. परंतु राजाचा विनोद हा जलाशयाकाठी बसून करण्याचा होता. समुद्राचा मासा समुद्रापासून दूर, जिवंत ठेवणे हा निराळाच प्रश्न होता, आणि तो युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत सुटला नव्हता.

अडचण साधी होती. साठवलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, माशांची विष्ठा कुजते आणि दोन-चार दिवसांत पाणी नासते. गोड्या पाण्याची टाकी नासली तर विहीर जवळ असते. खाऱ्या पाण्याची नासली, तर नवे पाणी समुद्रावरूनच आणावे लागते.

४/
१८३२ साली सिसिलीत झान विलप्रो-पॉवर या संशोधिकेने काचेच्या पेट्या करवून त्यांत अर्गोनॉट हा आठ पायांचा सागरी प्राणी ठेवला आणि तो आपला शिंपला स्वतःच तयार करतो हे सिद्ध केले. पण तिच्या घराजवळ समुद्र होता. समुद्रापासून दूर काय करायचे?

याचे उत्तर १८४६ मध्ये लंडनमधल्या एका घरात सापडू लागले. ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. सोबत समुद्राचे पाणी होते, पण ते मोजकेच. ते ताजे राहावे म्हणून काय करायचे, तर उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे, असे रोज अर्धा-पाऊण तास. हे काम त्यांची मोलकरीण करी. प्रवाळ जगले. पुढे बाईंनी त्या पाण्यात सागरी वनस्पतीही ठेवल्या.

आज टाकीखाली चोवीस तास घुमणारा पंप हेच काम करतो. म्हणजे जगातला पहिला ‘रिटर्न पंप’ कोणता, असे कुणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे : त्या मोलकरणीचे दोन हात. तिचे नाव मात्र सहसा कुणी सांगत नाही.

५/
१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञाने केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. टाकीत सोनमासे, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, कुजलेला पाला गोगलगायी खातात. पाणी बदलण्याची गरज नाही. हाच तो प्रसिद्ध ‘समतोल’. पुढे त्याने समुद्राच्या पाण्यावरही हाच प्रयोग केला.

काळही अनुकूल होता. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे पहिले सार्वजनिक दालन उघडले.

६/
आता या गोष्टीतले मुख्य पात्र येते. फिलिप हेन्री गॉस. निसर्गअभ्यासक, उत्तम चित्रकार आणि अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. १८५४ साली त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि तो शब्द घराघरांत रुळला.

गॉसने आणखी एक गोष्ट केली. रसायनशास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण आधीच केले होते. त्याचा आधार घेऊन त्याने चार क्षारांची कृती दिली : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. ते पाण्यात मिसळायचे, गाळायचे, त्यात थोडे शेवाळ वाढू द्यायचे आणि मग प्राणी सोडायचे. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही आता समुद्र ‘बनवता’ येणार होता. वर्सोव्याच्या सदनिकेत उतरणाऱ्या मिठाच्या बादलीचे हे मूळ.

ती कृती अपुरी होती. समुद्रात कॅल्शियम असते, स्ट्रॉन्शियम असते, अत्यल्प प्रमाणात कितीतरी मूलद्रव्ये असतात. तरी दिशा बरोबर होती.

७/
पण गॉसच्या पुस्तकांचा परिणाम दुहेरी झाला. ती वाचून लोक हौसेने किनाऱ्यांवर उतरले. हातोडे, छिन्न्या, बरण्या घेऊन. खडकांच्या खळग्यांतले समुद्रफूल, प्रवाळ, तारामासे, जे दिसेल ते उचलून घरी नेले गेले. बहुतेक प्राणी काही दिवसांत मेले, आणि लोक पुन्हा किनाऱ्यावर आले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात बालपणी पाहिलेले ते खळगे कसे ओस पडले, याची खंत नोंदवली आहे आणि वडिलांनाही त्याची टोचणी लागली होती हे सांगितले आहे.

निसर्गावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाच्याच लेखणीने त्याचा लाडका किनारा ओरबाडला गेला. धाग्याच्या शेवटी आपण पुन्हा इथेच येणार आहोत, म्हणून हे लक्षात असू द्या.

८/
मासे मरत होते, कारण ‘समतोल’ फार नाजूक होता. त्यावर तोडगा काढला विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने. हा लंडनमध्ये जिवंत सागरी प्राणी आणि टाक्या विकणारा दुकानदार. औपचारिक शिक्षण बेताचे, पण निरीक्षण पक्के. पुढे त्याने १८६४ चे हँबुर्गचे मत्स्यालय सांभाळले आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय उभे केले. नेपल्सच्या जगप्रसिद्ध सागरी संशोधन केंद्रालाही त्याचाच सल्ला लाभला.

लॉइडचे म्हणणे असे की, प्रेक्षकांना दिसते ती टाकी गौण. न दिसणारा हौद महत्त्वाचा. त्याने दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठे अंधारे हौद जमिनीखाली बांधले. पंपाने पाणी वर चढवायचे, टाक्यांतून वाहू द्यायचे, पुन्हा खाली सोडायचे. अंधारात शेवाळ माजत नाही, गाळ खाली बसतो, पाणी थंड राहते आणि वाहताना त्यात हवा मिसळते. एकदा आणलेले पाणी वर्षानुवर्षे चालते. पाण्याच्या वाटेत धातू येऊ नये यावरही त्याचा कटाक्ष होता. तांब्याचा अंश अपृष्ठवंशी प्राण्यांना विषासारखा असतो.

आजच्या घरगुती टाकीखालच्या कपाटाचे दार उघडले की आत दुसरी टाकी दिसते. तिला ‘संप’ म्हणतात. मुंबईकराला हा शब्द इमारतीखालच्या पाण्याच्या टाकीमुळे ओळखीचा आहेच. पंप, गाळणी, तापमापक सारे तिच्यात दडवलेले असते. लॉइडच्या तळघराची ती छोटी प्रतिकृती. नवशिके वरच्या टाकीवर खर्च करतात आणि संप काटकसरीत उरकतात. लॉइडने त्यांना दुकानातून परत पाठवले असते, असे मला नेहमी वाटते.

९/
लॉइडची योजना चालत होती, पण ती नेमकी का चालते हे त्याच्या काळी पुरते उमगले नव्हते. उत्तर सूक्ष्मजीवशास्त्राने दिले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो घातक. दगडांवर, वाळूत, गाळणीत वसलेले हे जिवाणू त्याचे रूपांतर बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये करतात.

म्हणूनच जाणकार माणूस टाकी भरल्यावर चार-सहा आठवडे तीत मासाच सोडत नाही. जिवाणूंची वस्ती होऊ देतो, रोज पाणी तपासतो, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येण्याची वाट पाहतो. पाहुणे येतात, रिकामी टाकी बघतात आणि ‘मासे कधी आणणार?’ असे विचारतात. या प्रश्नाला कंटाळून घाई केली, तर पहिले मासे हमखास मरतात.

१०/
आता आपल्याकडे येऊ. भारतातले पहिले सार्वजनिक सागरी मत्स्यालय १९०९ साली मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर उघडले. तेथील सरकारी संग्रहालयाचे एडगर थर्स्टन यांची ती कल्पना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले.

मुंबईला मात्र स्वातंत्र्यानंतर वाट पाहावी लागली. २७ मे १९५१ रोजी मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकाजवळ, तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. खर्च सुमारे ८ लाख रुपये. त्यांतले २ लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे. सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे हे मत्स्यालय, आणि त्याच नावाचे सागरी जीवशास्त्रीय केंद्रही होते. म्हणजे केवळ करमणूक हा हेतू नव्हता.

शाळेच्या सहलीत रांगेने फिरवलेल्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी जिवंत सागरी मासा प्रथम इथे पाहिला. बाजारात पाटीवर पाहिलेला आणि पाण्यात पोहताना पाहिलेला मासा यांत किती अंतर असते, ते तिथेच कळले. २०१५ च्या मार्चमध्ये नूतनीकरणानंतर ते १२ फुटी ॲक्रिलिक बोगद्यासह पुन्हा उघडले. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे बंद झाले.

११/
वर्सोव्याचा संबंध १९६१ पासूनचा. त्या वर्षी ६ जूनला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. ती पुढे १९७९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. संस्थेमुळे वर्सोव्यातल्या एका रस्त्याचे नावच ‘फिशरीज युनिव्हर्सिटी रोड’ पडले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईतले केंद्रही तिथलेच. पलीकडे वेसावे कोळीवाडा. एकीकडे माशांचा पुस्तकी अभ्यास आणि हाकेच्या अंतरावर पिढ्यानपिढ्यांचे अनुभवसिद्ध ज्ञान, अशी ही विरळा शेजारझाली.

त्याच १९६१ साली जकार्तातील ली चिन एंग या छांदिष्टाने एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली. त्याने समुद्रतळावरचे जिवाणू, शेवाळ, कृमी यांनी भरलेले सच्छिद्र दगड थेट टाकीत ठेवले आणि हवेचे बुडबुडे सोडले. बाकी काही नाही. तेच दगड गाळणीचे काम करू लागले. ‘जिवंत दगड’ ही कल्पना इथून पसरली. पण ली समुद्राजवळ राहत होता आणि तो समुद्र स्वच्छ होता.

१२/
मग वर्सोव्याचे पाणी का चालत नाही? कोळीवाड्यात विचारलेत तर अर्धे उत्तर तिथेच मिळेल. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा ओढा प्रचंड असतो. बोंबील पकडायचे डोल जाळे याच ओढ्यावर चालते. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्या साडेचार मीटरच्याही वर जातात. हा ओढा तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. भांगाच्या दिवसांत पाणी त्या मानाने निवळ असते. पावसाळ्यात खाडीतून गोडे पाणी लोटते आणि क्षारता घसरते. बोंबलाला हे सारे मानवते. स्वच्छ, स्थिर पाण्याची सवय असलेल्या प्रवाळभिंतीवरच्या माशाला मानवत नाही.

उरलेले अर्धे उत्तर नगराचे आहे. मालाड खाडीतून वाहत येणारे उपनगरांचे सांडपाणी इथेच समुद्राला मिळते. तेव्हा समोरच्या समुद्राचे पाणी बादलीने आणून टाकीत ओतणे म्हणजे आपणच सोडलेली घाण परत दिवाणखान्यात आणणे.

म्हणून मीठ विकत. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड येथे समुद्रापासून दूर असलेल्या मत्स्यालयासाठी कृत्रिम सागरजलाचे सुधारित सूत्र तयार झाले आणि त्यातून तयार मिठाचा व्यवसाय उभा राहिला. गॉसने राहू दिलेल्या उणिवा त्यात भरून निघाल्या. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि इतर क्षार काढण्यासाठी आरओ यंत्र लावायचे आणि त्या कोऱ्या पाण्यात हे मीठ विरघळवायचे. एक सूचना : बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानेच भरायची. खारे ओतत राहिलात तर महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होईल.

१३/
पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर फेसाचे पुंजके पाहिले असतील. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि वर येतात. खवळलेला समुद्र अशी आपली धुलाई करत असतो. १९६० च्या दशकात जर्मनीतील छांदिष्टांनी हीच क्रिया एका उभ्या नळीत बसवली. तेच ‘प्रोटीन स्किमर’. त्याच्या पेल्यात जमणारा तपकिरी, उग्र वासाचा द्रव पाहिला की इतके दिवस हे मासे कशात पोहत होते, असा प्रश्न पडतो. मोठ्या खाऱ्या टाकीत दुसरे कुठलेही यंत्र एक वेळ उशिरा घ्यावे, हे नाही.

युरोपातल्या पुस्तकांत पाणी तापवायचे हीटर ठळकपणे येतात. मुंबईत प्रश्न उलटा. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश तापमान रुचते आणि मे महिन्यात आपली खोली ३२-३३ अंशांवर असते. म्हणून चिलर हवा, आणि वीज गेली तर निदान हवेचा पंप चालेल एवढी बॅटरी हवी. बॅटरी संपली तर? तर टॉर्कीचे प्रवाळ वाचवणारा जुना उपाय आहेच : मग घ्या, पाणी भरा, उंचावरून परत ओता.

१४/
एवढी यंत्रे जमली, तरी टाकीत काय ठेवायचे हा प्रश्न उरतो, आणि इथे गॉसच्या ओस पडलेल्या खळग्यांपाशी आपण परत येतो.

जुलै २००१ मध्ये भारत सरकारने भित्तिकारक प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. ही वाघाची अनुसूची. लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातून प्रवाळ अथवा प्रवाळाचा ‘जिवंत दगड’ उचलून आणणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शिकार. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय कराराखालील परदेशी जातींच्या नोंदणीचीही तरतूद केली. ‘दुकानात मिळतो म्हणजे चालतो’ हा समज खरा नाही. कागदपत्रे मागा, न मिळाली तर टाकी रिकामी राहिलेली बरी.

पर्याय आहेत. कोरडा कृत्रिम दगड आणून त्यावर जिवाणूंची वस्ती करता येते. वेळ जास्त लागतो, एवढेच. आणि मासे समुद्रातून ओरबाडून आणण्याऐवजी हॅचरीत जन्मलेले घेता येतात. क्लाउनफिशचे प्रजनन भारतीय संशोधन केंद्रांनी साधले आहे, आणि ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीतही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. हॅचरीतला मासा टाकीतच जन्मतो, टाकीतलेच खाद्य ओळखतो आणि म्हणून तगतोही.

१५/
आणि ज्यांच्याकडे ना ७०० किलोंचा भार पेलणारी जमीन, ना चिलरचे बिल भरायची ऐपत, त्यांच्यासाठी मोठ्या ओहोटीचे वेळापत्रक आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील मंडळी लोकांना खडकाळ किनाऱ्यांवर घेऊन जातात आणि खळग्यांतले समुद्रफूल, खेकडे, शंखगोगलगायी, अगदी प्रवाळही दाखवतात. नियम एकच : पाहा, छायाचित्र घ्या, उचलू नका.

होय, मुंबईत प्रवाळ आहेत. गढूळ पाणी सोसणारे, खडकाला चिकटून राहणारे, पटकन नजरेत न भरणारे. २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील अशा काही वसाहती आड आल्या. पहिल्या अनुसूचीतला जीव असल्याने वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या खडकांवरून काढण्यात आल्या आणि कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळच्या किनाऱ्यावर नेऊन पुन्हा खडकांना जोडण्यात आल्या. टॉर्कीहून लंडनला गेलेले प्रवाळ समुद्रातून काचेकडे गेले होते. हे समुद्रातून समुद्राकडेच गेले, फक्त मध्ये मुंबईचा रस्ता आला.